काळजानं सोडलेली साखर

जीव कळवळला की आपण सगळे हात छातीवर डावीकडे ठेवतो. आमचे जीवशास्त्राचे सर उजवीकडे, बरगड्यांच्या खाली ठेवायचे. निलंग्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायची आणि 'काळीज' या शब्दावरून आमची कायम जुंपलेली असायची.

"मॅडम, तुमच्या कवींनी काळीज उचलून डावीकडं नेलं. कलेजी विकणाऱ्याला विचारा. काळीज म्हणजे यकृत हाय."

यकृतावर त्यांचा फार जीव. फळ्यावर ते काढताना मुलांना सांगायचे, "हे शरीराचं कोठार. जेवण झालं की इन्सुलिन म्हणतं, साखर आत ठेव. जीव घाबरला की मेंदू मज्जातंतूंवाटे निरोप धाडतो, पळायचंय, साखर बाहेर काढ. दोघांचं ऐकता ऐकता बिचारं हैराण."

सरांना स्वतःलाच मधुमेह होता. पायाची जखम भरत नव्हती. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या भाभींनी, घरातला गूळ कुलपात ठेवला. तरी रोज सकाळी उपाशीपोटी तपासलं की आकडा चढलेलाच.

"तुमचे सर चोरून खायलेत बघा," भाभी माझ्याकडे तक्रार करायच्या. मग मीही स्टाफरूममध्ये सरांचे खिसे तपासायचं नाटक करायची.

"मी साखर खाल्ली न्हाई, काळजानं सोडली," सर म्हणायचे. आम्ही हसायचो. चोरी लपवायला यकृताची साक्ष काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा त्यांच्या घरी गेले होते. भाभी चहा ठेवायला आत गेल्या तशी सर हळू आवाजात म्हणाले, "हिचं हृदय थकलंय म्हणले डॉक्टर. झोपेत श्वास अडकतो. मी रातभर घाबऱ्या जिवानं कान लावून पडून ऱ्हातो. इन्सुलिन तरी काय करणार?"

"मग हे त्यांना सांगा ना, सर."

"सांगितलं तर तीबी जागी ऱ्हाईल. त्यापेक्षा गुळाचं बालंट परवडलं."

भाभी आल्या आणि सरांच्या कपात बिनसाखरेचा चहा ओतताना पुन्हा गुळावरून बोलल्या. सरांनी निमूटपणे ऐकून घेतलं. इतकं प्रेम मी फार कमी घरांत पाहिलंय.

त्या थंडीत भाभी गेल्या. चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर मी भेटायला गेले तेव्हा सर ओसरीवर एकटेच बसले होते. पायाची पट्टी निघालेली होती.

"साखर उतरली, मॅडम. जखमबी भरायलीय."

"बरं झालं, सर."

"लई गाढ झोप लागते आता," ते म्हणाले आणि रडायला लागले.