टाळ्या म्हाताऱ्याला

आमच्या दिग्दर्शकांनी ते नाटक पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मी रडले होते. औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्हाला तालमीपुरती खोली मिळाली होती. खाली गिऱ्हाइकांची गर्दी, रस्त्यावर हॉर्नचा गोंगाट आणि वर आम्ही हौशी मंडळी सतरंजीवर बसलेलो. सगळे नोकरी सांभाळून नाटक करणारे. मी विम्याच्या कार्यालयात होते. पाच वाजले की पर्स उचलून थेट तालमीला.

नाटक एका तुसड्या म्हाताऱ्याचं होतं. बायको गेलेली, मुलगा सतत फिरतीवर, आणि घरात हा म्हातारा आणि त्याची सून. दूधवाला, वॉचमन, टँकरवाला, कुणाशीच त्याचं पटत नाही. सुनेशी तर नाहीच. ती आंघोळीला किती पाणी घेते, भांडी कशी घासते, गॅस किती मोठा ठेवते, सगळ्यावर त्याची नजर. पहिल्या अंकाच्या शेवटी सून टँकरचं पाणी तीन मजले चढून आणते आणि म्हातारा 'माझ्या बादलीला हात का लावलास?' म्हणून ती भरलेली बादली लाथेनं उडवतो. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला सुनेचं स्वगत. त्यानंतर म्हातारा आजारी पडतो, वरमतो, आणि शेवट गोड.

ते स्वगत ऐकून मला रडू आलं होतं. त्यात सून कुणाला दोष देत नाही. दिवसभरात आपण किती वेळा जिना चढलो, किती वेळा गप्प बसलो, एवढंच सांगते. मी तिथंच म्हणाले, "सर, सून मी करणार."

मला वाटलं होतं, लोक हे नाटक सुनेसाठी लक्षात ठेवतील.

त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. दुष्काळाची ती सलग वर्षं होती. शहर चारी बाजूंनी वाढत चाललेलं, बायपासच्या पलीकडे कालपर्यंत बाजरी होती तिथं आज इमारत, आणि प्रत्येक इमारतीच्या बोअरला नुसती हवा. आम्हीही तिकडेच फ्लॅट घेतला होता. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. टँकर आला की सगळ्या मजल्यांवरच्या बाया पाइप धरायला धावायच्या. पुरुष गॅलरीतून "आला का, आला का" विचारायचे. नाटकातली सून मला शोधावी लागली नव्हती. मीच ती होते.

आमच्या घरीही एक म्हातारा होता. माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर कारकुनी केलेले, आणि निवृत्तीनंतर ती सगळी शिस्त घरावर लादणारे. नवरा वाळूजला कंपनीत, त्याच्या शिफ्ट बदलत राहायच्या. त्यामुळे दिवसाकाठी जे काही ऐकायचं ते मलाच. तरी स्वभावानं वाईट नव्हते. ओरडण्याशिवाय बोलायची दुसरी पद्धत त्यांना येत नव्हती, इतकंच.

पहिला प्रयोग जोरात झाला. पडदा पडल्यावर लोक उभे राहिले. मी विंगेत घामाघूम उभी होते, पण आनंदात नव्हते. बादली लाथाडली तेव्हा असा हशा उसळला की पुढची दोन वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत. आणि माझं स्वगत सुरू झाल्याबरोबर सभागृहात खोकल्याची साथ आली. कुणी वेफर्सचा पुडा फोडला, कुणाचा फोन वाजला, आणि तो माणूस तिथंच बसून "हा, नाटकाला आलोय, बोल" म्हणाला. मागून एक आवाज आला, "बस करा बाई, म्हाताऱ्याला बोलवा!" त्यावर पुन्हा हशा.

म्हाताऱ्याचं काम करणारा नट बँकेत होता, छावणी भागात राहायचा. वयानं म्हाताऱ्याच्या निम्मा, अंगानं हाडकुळा, स्वभावानं अत्यंत गोड. दर प्रयोगानंतर "मॅडम, तुमच्यामुळे माझी भूमिका उभी राहते हां" असं म्हणायचा. पण हशा मोठी वाईट चीज आहे. एकदा मिळाला की माणूस त्याच्या मागे लागतो. दुसऱ्या प्रयोगाला त्यानं मला 'महाराणी' म्हटलं, जे संहितेत नव्हतं. तिसऱ्याला माझ्या चालण्याची नक्कल केली. पुढे पुढे तर तो माझं वाक्य पुरं होईपर्यंतही थांबेना. लोक हसले की तो थांबायचा, भुवई वर करायचा, की पुन्हा हशा.

मी दिग्दर्शकांकडे गेले. म्हणाले, "सर, हे नाटक असं नव्हतं."

"अगं, लोकांना आवडतंय."

"माझ्या स्वगतात लोक शिट्ट्या मारतात."

"मग तू ते जरा पटकन म्हण ना," ते म्हणाले. "पॉझेस कमी कर."

सुनेनं कसं जगावं हे म्हातारा सांगत होता आणि तिनं ते किती पटकन सांगावं हे दिग्दर्शक. मी घरी येऊन आरशासमोर ते स्वगत हळू म्हणून पाहिलं, मग भरभर म्हणून पाहिलं. भरभर म्हटल्यावर ते किराणा सामानाच्या यादीसारखं वाटत होतं.

बाहेरही लोक सोडेनात. एकदा मी औरंगपुऱ्यात ब्लाउजचं कापड बघत होते. शेजारी उभी असलेली एक बाई निरखून माझ्याकडे पाहत म्हणाली, "तुम्ही त्या नाटकातल्या ना? अहो, किती छळता त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला!"

"मी छळते?" माझा आवाज चढला. "बादली कोण लाथाडतं?"

"ते म्हातारपण असतं हो. आपण समजून घ्यायचं," ती म्हणाली. तिच्याबरोबर तिची सून होती. ती पोरगी हातातल्या कापडाकडे बघत उभी होती.

सगळ्यात वाईट मात्र घरी झालं. सासऱ्यांना नाटकबिटक आवडायचं नाही, पण कॉलनीतले ज्येष्ठ नागरिक मिळून एका प्रयोगाला निघाले आणि सोबत त्यांनाही ओढून नेलं. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, बघू देत एकदा. रोज समोरून दिसत नाही ते तिथं लांबून तरी दिसेल. त्या दिवशी मी स्वगत मुद्दाम दुसऱ्या रांगेकडे बघून म्हटलं. अंधारात त्यांचा चष्मा तेवढा चमकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, भुवई वर केली आणि म्हणाले, "महाराणी, चहाला आज मुहूर्त आहे का?"

अगदी त्या नटासारखं! तोच सूर, तोच पॉझ. आणि बोलून झाल्यावर ते गालात हसले. मी कितीतरी वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना आयती वाक्यं मिळाली होती. त्यानंतर रोज काहीतरी यायचंच. शेजारच्या काकांना ते मोठ्यानं सांगायचे, "आमच्या सूनबाईंनी आमच्यावरच नाटक काढलंय." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "निदान ते हसतात तरी." मी भांडी जोरात आदळली, तर सासरे बाहेरून म्हणाले, "हे पहिल्या अंकातलं!"

त्यानंतर कन्नडजवळच्या पिशोर गावी प्रयोग लागला. तिथल्या शाळेचा काहीतरी समारंभ होता आणि तिथल्या एका शिक्षकांनी आमचं नाटक शहरात पाहिलं होतं. शाळेच्या मैदानावर मांडव, दिवेलागणीची वेळ, एका बाजूला पुरुष आणि एका बाजूला बाया बसलेल्या. जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं उघडी पडलेली दिसत होती.

शिक्षकांनी बादलीसाठी पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "मॅडम, टँकरचं आहे. जरा जपून वापरा."

मी सरांना म्हटलं, "आज रिकामी बादली घेऊ या."

"रिकामी बादली लाथाडली की नुसता आवाज होतो," सर म्हणाले. "हशा येत नाही."

प्रयोग सुरू झाला. लोक हसत होते, पुरुषांच्या बाजूनं जास्त. मी बादली घेऊन आले, ठेवली, कमरेला हात लावून उभी राहिले. म्हाताऱ्यानं नेहमीसारखं वाक्य टाकलं आणि बादली लाथेनं उडवली. पाणी फळ्यांवरून वाहत रंगमंचाच्या कडेनं खाली मातीत पडायला लागलं.

पुरुषांच्या बाजूला थोडा हशा झाला आणि मध्येच तुटला. बायांच्या बाजूनं काहीच नाही. मग पुढं बसलेली एक बाई उभी राहिली. मोठ्यानं म्हणाली, "आरं, समदं सांडलं की!"

नटानं भुवई वर केली आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "म्हातारा माणूस आहे काकू, चुकतो कधी कधी."

"मंग आता तूच आन भरून," ती म्हणाली.

"व्हय, त्यालाच आनू द्या!" मागून दुसरी ओरडली. "तिनं तीन मजले चढून आनलं नव्हं?"

"अहो, माझे गुडघे दुखतात!" नट म्हणाला. हे वाक्य शहरात हमखास चाललं असतं.

"लाथ मारताना नाय दुखले व्हय?"

यावर बायांची अख्खी बाजू हसली. पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या खांद्यावर हात मारून. पुरुषही हसले. इतक्या प्रयोगांत पहिल्यांदा हशा माझ्या बाजूनं आला होता, आणि तो आमच्यातल्या कुणी लिहिलेला नव्हता. बाया काही ऐकायला तयार नव्हत्या. शेवटी नटानं बादली उचलली आणि विंगेत गेला. तिथं पाणी कुठलं असणार? तो तशीच रिकामी बादली घेऊन परत आला आणि मान खाली घालून उभा राहिला. ते नाटक होतं की खरं, हे मला आजही सांगता येणार नाही. पडदा पाडावा लागला.

दुसऱ्या अंकात मी स्वगत म्हटलं. हळू म्हटलं, जसं पहिल्या वाचनात ऐकलं होतं तसं. कुणी खोकलं नाही. मध्येच एक लेकरू रडायला लागलं, तर त्याची आई त्याला कडेवर घेऊन मांडवाच्या टोकाला गेली आणि तिथून उभ्यानं ऐकत राहिली. मी तिच्याकडे बघून शेवटची वाक्यं म्हटली.

परतताना जीपमध्ये सर म्हणाले, "ग्रामीण प्रेक्षक. विनोद पोहोचला नाही."

"विनोद झाला की," मी म्हणाले. "फक्त आपला नव्हता."

"लाफ्टर गेला ना पण आपला," नट पुढच्या सीटवरून हळूच म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

मी म्हटलं, "सर, बादली काढा. आणि मधली भरताड वाक्यंही काढा. आज नाटक कसं झालं ते तुम्ही पाहिलंत."

"एका प्रयोगावरून नाटक बदलत नाही गं. शेवटी नाटक प्रेक्षकांचं असतं."

"मग हे प्रेक्षक नव्हते का?"

त्यांनी खिडकीची काच वर केली. धूळ येत होती म्हणाले.

पुढचा प्रयोग शहरात होता. बादली भरलेली होती, हशा तितकाच मोठा होता. उलट सरांनी पिशोरचा किस्सा मध्यंतरात पाहुण्यांना रंगवून सांगितला, आणि नटानं 'माझे गुडघे दुखतात' हे वाक्य कायमचं नाटकात घेतलं. त्याला टाळ्या पडल्या. उत्तर द्यायला तिथं कुणी नव्हतं. मी द्यायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण बादली सांडल्यावर सुनेनं गप्पच राहायचं असतं, संहितेतच तसं होतं.

त्या वर्षीही पाऊस आला नाही. मी आणखी काही प्रयोग केले आणि नाटक सोडलं. सरांनी फार आग्रह केला नाही. घरी सांगितलं तेव्हा सासरे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "का सोडलंस? चांगलं चाललं होतं म्हाताऱ्याचं."

माझ्या जागी कॉलेजातली एक मुलगी आली. काही महिन्यांनी नाटकाचा शहरात मोठा प्रयोग लागला, सरांनी दोन पास पाठवले. नवरा सेकंड शिफ्टला होता. मी जाणार नव्हते, पण सासरे दुपारपासूनच इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. गेलो.

मुलगी हुशार होती. तिनं सुनेला जिना चढताना धापा टाकायला लावलं, दोनदा पदरात पाय अडकवला. आणि स्वगत? ते तिनं हातवारे करत, म्हाताऱ्याचीच नक्कल करत म्हटलं. भरभर, अजिबात न थांबता. लोक खुर्च्यांत मागे कलून हसत होते. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. माझी वाक्यं होती ती. मग एका ठिकाणी तिनं भांडं पुसता पुसता सासऱ्याच्या खुर्चीकडे असं काही बघितलं की मला हसू आलं. बारीक नाही, चांगलं मोठ्यानं. आपल्याच तोंडून तो आवाज ऐकून मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. शेजारी सासरे मात्र हसले नाहीत. ते स्वगत संपेपर्यंत ताठ बसून होते.

सुटल्यावर पार्किंगमध्ये गर्दी होती. आमच्या मागून दोन बाया बोलत येत होत्या. एक म्हणाली, "सून छान केली हं हिनं. आधीची कोण ती, लई रडकी होती म्हणे."

मी वळले नाही. सासऱ्यांनी ऐकलं होतं, कारण ते चालता चालता थांबले आणि त्या बायांकडे पाहायला लागले. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार, भर पार्किंगमध्ये ओरडणार. मी त्यांचा हात धरला.

"बाबा, चला."

"चल," ते म्हणाले. "नंतर रिक्षा मिळायची नाही."