नावाच्या पाटीशेजारचा तुकडा

“दाजी, डबे तुमच्या घरून आले. झाकणं आधीच उघडलेली होती.”

“म्हणजे मी चोर?”

“चोर म्हणत नाही. रंगात पाणी कोणी घातलं, एवढंच विचारतो.”

“मग जरा मोठ्यानं विचार. तुझी बहीण माझ्याच घरात नांदते. तिलाही ऐकू जाऊ दे.”

हे भांडण मी स्वयंपाकघराच्या खिडकीआडून ऐकलं. तेव्हा मी नवी सून. आमच्या घराचा बाहेरचा रंग वर्षाच्या आत सोलून निघाला होता, म्हणून सासऱ्यांनी दोघांना बोलावलेलं. एक ठेकेदार, समोरच्याच घरात राहणारा. दुसरा त्याच्या हाताखाली रंग मारणारा मेव्हणा. सासरे अंगणात आले तसा ठेकेदाराचा आवाज मऊ झाला. “काय सांगू, बायकोचा भाऊ म्हणून काम दिलं, तर हा रंगात पाणी घालतो. पाण्या आहे नुसता!”

मेव्हण्यानं तोंड उघडलं. समोरच्या दारात बहीण उभी होती. तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

तेव्हापासून गल्लीत त्याचं नाव पाण्या पडलं. मी मात्र भाऊ म्हणायची.

पाण्याला घर रंगवायला कोण बोलावणार? फाटकं, खिडक्यांचे गज, गंजकी पिंपं, मिळेल ते तो रंगवायचा. बायको म्हणायची, दुसरा धंदा बघा. तो म्हणायचा, “नाव ज्या भिंतीवर गेलं, त्याच भिंतीवर परत आणीन.”

पुढे घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या, तेव्हा मी त्याला बोलावलं. त्यानं जुना रंग पार खरवडला, भिंत धुतली, सुकू दिली. मग प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटवून घरी निघून गेला. सकाळी प्लास्टिकच्या आत थेंब जमलेले. “ओल आहे अजून, वहिनी.” पुन्हा थांबला.

मी वैतागले. “अहो, भिंत आहे की बाळंतीण?”

“बाळंतीण परवडली. ती बोलून तरी दाखवते.”

तापल्या भिंतीला त्यानं ब्रश लावला नाही. सावली सरकेल तसा तो सरकायचा. आधी प्राइमर, मग रंगाचे दोन हात. जाताना म्हणाला, “दरसाल पाऊस सरला की तळवा घासून बघायचं. हाताला पीठ लागलं, तर रंग मेला.” आमच्या भिंतीचं पीठ हाताला कधी लागलं नाही. समोर ठेकेदाराच्या घराचे मात्र पोपडे उडत राहिले, आणि येणारी-जाणारी माणसं दोन्ही घरांकडे आळीपाळीनं बघत.

मग भाऊची बहीण गेली. त्याच्या तोंडाला घातलेला टाकाच जणू निघाला. ठेकेदारही थकला होता, पण घराची लाज वाटत होती. एक दिवस भाऊ आमच्याकडे आलेला बघून आमच्या फाटकात येऊन म्हणाला, “मेव्हणे, आता आमचं घर तुम्हीच रंगवा.”

“आता मेव्हणे झालो होय? रंगवतो की, दाजी. फक्त इथं, गल्लीदेखत सांगा, पाणी कोणी घातलं ते.”

“जुनी मढी कशाला उकरतोस?”

“बरं. तुम्ही नका सांगू. भिंत सांगेल.”

आणि खरंच रंगवलं त्यानं. आमच्यासारखंच, खरवडून, धुऊन, सुकवून. फक्त दाराजवळ, ठेकेदाराच्या नावाच्या पाटीशेजारी, खिडकीच्या झडपेएवढा तुकडा सोडला. तो खरवडला नाही, धूळ पुसली नाही. ओल्या भिंतीवरच पाणी घातलेला रंग फिरवला. माझ्याकडे बघून म्हणाला, “एवढं काम दाजींच्या पद्धतीचं.”

पाऊस सरला. सगळं घर तुकतुकीत, आणि नेमकं नावाशेजारी गजकर्ण! ठेकेदारानं कुंडी ठेवून बघितली, तर कुंडी बुटकी. स्वतः वरून रंग मारला, तोही खालचे पोपडे घेऊन गळाला. निरोप धाडला, तेवढं खरवडून दे. उत्तर आलं, “शब्द सांगा, खरवडायची पट्टी घेऊन येतो.” दुसऱ्या रंगाऱ्याला बोलावलं, तर तो हसून म्हणाला, “ही भाऊची भिंत. आम्ही हात लावत नाही.” बघा, पाण्याचा भाऊ झाला होता! पण ठेकेदाराच्या तोंडून कबुली आली नव्हती, आणि भाऊला ती तिथूनच हवी होती.

कुणी म्हणेल, किती हा आकस. म्हणोत. मी सासुरवास काढलेली बाई आहे, मला तो आकस नीट कळतो.

दरसाल पाऊस सरला की भाऊ सायकलवर यायचा. त्या तुकड्यावर तळवा घासायचा, पांढरा झालेला हात खिडकीकडे धरायचा. आत ठेकेदार असायचाच.

शेवटच्या खेपेला सायकल हातानं ढकलत आला. दम लागत होता. मी म्हटलं, “भाऊ, तो अंथरुणाला खिळलाय. आता सोडा.”

“तोंड खिळलंय का, वहिनी?”

रस्ता ओलांडून गेला. तळवा घासला. हात वर केला. खिडकीत उशीवर ठेकेदाराचं डोकं दिसत होतं. “दाजी,” भाऊ म्हणाला, “बोला.” ठेकेदारानं त्या पांढऱ्या हाताकडे पाहिलं, आणि कूस बदलली.

भाऊनं आमच्या नळावर हात धुतला, फडक्यानं पुसून कोरडा केला आणि आमच्या भिंतीवर घासला. मला तळवा दाखवला. स्वच्छ.

“पुढच्या साली येतो,” म्हणाला, आणि फडकं हँडलला बांधून सायकल ढकलत निघाला.