नारायणशेठचा तुरुंगवास

बुऱ्हाणपूरच्या चौकात बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवलाय, असं कुणीतरी आईला बाजारात सांगितलं आणि तेव्हापासून तिनं मला सुखानं दोन घास खाऊ दिले नाहीत. "जा आणि माधवचं नाव वाचून ये. मनात नको, मोठ्यानं वाच."

माधव माझा थोरला भाऊ. बुऱ्हाणपूरला एका साळ्याकडे मागावर काम शिकायला गेला होता. बेचाळीसच्या राखीला घरी आला, परत गेला आणि मग सहा महिने त्याचा पत्ता नव्हता. शेवटी त्या साळ्याचं, तुळशीरामदादांचं पत्र आलं. माधव तुरुंगात होता, आजारी पडला म्हणून सोडला, त्यांच्याच घरी वारला. शेजारच्या काकांनी ते पत्र आईला वाचून दाखवलं आणि वर ऐकवलं, "कसला तुरुंग! सरकारी कागद कुठाय? पोरगं उंडारत होतं कुठंतरी, ताप आला, मेलं." पुढं स्वराज्य आलं, संस्थानं विलीन झाली, पण काकांचं हे पालुपद काही विलीन झालं नाही. गावानंही तेच खरं धरलं.

मी शिकवते त्या शाळेला रजा टाकून सावद्याला गाडीत बसले. रावेरच्या पुढं दोन्ही बाजूंना केळीच केळी. डब्यातले दोघे नेपानगरच्या गोष्टी सांगत होते. तिथं म्हणे कागदाचा मोठा कारखाना उभा राहतोय, आता वर्तमानपत्रांना कागदाची ददात नाही. माधव त्या राखीला पत्रकं लिहायला माझ्या शाळेच्या वहीतली मधली पानं फाडून घेऊन गेला होता. मी त्याच्याशी कडकडून भांडले होते. राखीसुद्धा तोंड फिरवून बांधली. मेलीला मला तेव्हा वहीच मोठी वाटली!

बुऱ्हाणपूरचं स्टेशन गावाबाहेर लालबागेत आहे. फलाटावर उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन टांग्याशी गेले तर टांगेवाला हसला. "ताई, चप्पल हातात घेऊन कुणाला मारायला निघाल्या?"

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं.

"बसा मग. शनवारा दरवाज्यापर्यंत सोडतो, तोपर्यंत ठरवा."

जुना कोट, त्याचे दरवाजे, आत अरुंद गल्ल्या आणि प्रत्येक गल्लीत मागांची खटखट. एका हलवायाकडे मावा जिलेबी (खव्याची, काळपट आणि बोटाएवढी जाड) तळत होते. दगड पाहून आल्यावर आईला घेऊ, असं मनाशी ठरवून पुढं गेले.

दगड चांगला आहे. संगमरवरी, भोवती लोखंडी साखळी, साखळीवर कुणीतरी लुगडं वाळत टाकलेलं. ते बाजूला करून मी वाचायला लागले. आईनं सांगितल्याप्रमाणे मोठ्यानं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग खालून वर वाचलं. माधव काशिनाथ कुठंच नव्हता. शेजारी पान लावत बसलेला म्हातारा म्हणाला, "काय ढूंढता बाई? जो नाही तो नाही. तुरुंगाच्या रजिस्टरवरून उतरवलीत सगळी नावं, गडबड नाही त्यात."

म्हणजे काका खरं बोलत होते?

तुळशीरामदादांचं घर विचारत विचारत गेले. माणूस खड्ड्याच्या मागावर (जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसतात तो) बसला होता. मी नाव सांगितलं तशी सुतातून इकडून तिकडं धावणारा त्यांचा धोटा थांबला.

"माधवची बहीण? ये बेटा, बैस. पाणी पी पहिलं."

"पाणी राहू द्या. माझा भाऊ तुरुंगात गेला होता की नाही, तेवढं सांगा."

"माझ्या बगलेत झोपायचा, आणि तू मला विचारते?"

"मग दगडावर त्याचं नाव का नाही?"

दादांनी बायकोकडे पाहिलं, मग मागाकडे. मग सांगितलं. खंडव्याकडच्या रुळांशेजारी तारा कापताना दोघं सापडले. पकडणारे पोलीस परके, कुणी ओळखत नव्हतं. खरं नाव सांगायचं नाही, घरावर झडती येते, असा सगळ्यांचा दंडकच होता. दादांनी आपल्या मेलेल्या बापाचं नाव सांगितलं. "मेलेल्याला काय पकडणार साहेब! आता दगडावर बाप आहे माझा. त्यानं जन्मात कधी पोलिसाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं."

"आणि माधवनं?"

"त्यानं नारायण दामोदर सांगितलं."

हा नारायणशेठ कोण, तर लढाईत फौजेला जखमांच्या पट्ट्यांचं आणि खाकी कापड पुरवणारा गावातला सुताचा व्यापारी. सुताचा तुटवडा होता तेव्हा जो फौजेचं कापड विणेल त्यालाच तो सूत द्यायचा. कलेक्टरला मेजवान्या, दारावर इंग्रजांचं निशाण. "माधव मला कानात बोलला, याच्या लाडक्या साहेबाच्या दप्तरात याचंच नाव एकदा चोर म्हणून लागू दे. रात्रभर हसलो आम्ही दोघं, मार खाऊन."

दगडावर सव्विसावं नाव नारायण दामोदर होतं. मी स्वतःच मोठ्यानं वाचलं होतं, दोनदा.

"दादा, मला एवढं लिहून द्या. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांची बायको चुलीपासून म्हणाली, "बाई, आमच्या मागावरचं सूत आजही शेठचंच आहे." माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या भावाचं शेवटचं पाणी ज्या घरात झालं त्या घराला मी काय बोलणार? उठले, आणि तशीच अनवाणी नारायणशेठच्या पेढीवर गेले. दादा मागोमाग आले, पण दारातच उभे राहिले.

शेठ खादीत होते. पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. मला पाहुणी समजून त्यांनी दराबा (रवा, साखर, तूप घोटघोटून केलेलं बुऱ्हाणपुरी पक्वान्न) पुढं केला. मी बशीला हात लावला नाही. कोणाची कोण ते सांगितलं.

ते दचकले नाहीत. म्हणाले, "ताई, मी कुणाकडे गेलो नव्हतो. रजिस्टरात माझं नाव पाहून दगड बसवणारे हार घेऊन आले."

"मग नाही म्हणायचं होतं."

"एक बार म्हणालो. त्यांना वाटलं, विनय आहे."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा हार गळ्यात होता."

"तुरुंगात काय खायला देत होते हो, शेठ?"

त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. ज्वारीच्या भाकरीतली कचकच, पाण्यासारखी डाळ, उवांनी भरलेली घोंगडी, शेजारच्या कैद्याचा खोकला. इतकं मनापासून की क्षणभर मलाच खरं वाटलं. मी दाराकडे पाहिलं. तुळशीरामदादांनी मान खाली घातली होती. घोंगडीची गोष्ट शेठला कुणी पुरवली ते कळलं. खोकला माझ्या भावाचा होता.

"शरम वाटू द्या," मी म्हटलं. कुणाला म्हटलं ते त्या दोघांनी आपसात ठरवावं. चप्पल पिशवीतच राहिली, याचं मला अजून वाईट वाटतं.

गाडीला वेळ होता म्हणून राजघाटावर गेले. तापीचं पाणी उतरलेलं, पलीकडे जैनाबादच्या बाजूला बायका धुणं धुत होत्या. इथंच त्याला जाळलं. दादा मागून आले होते. हळूच म्हणाले, "मशानात मी त्याचं खरं नाव सांगितलं, बेटा." मी स्टेशनची वाट धरली. मावा जिलेबी घ्यायची राहिली.

परतीच्या गाडीत मनाशी पक्कं केलं होतं की आईला सांगायचं, नाव आहे. तिला वाचता येत नाही, बुऱ्हाणपूरला ती जाणार नाही, कुणाचं काय बिघडतंय? पण दारात तिनं माझे अनवाणी पाय पाहिले, पाणी दिलं आणि फक्त "वाचलं?" एवढंच विचारलं. मग मला खोटं बोलवलं नाही. सगळं सांगितलं, नारायणशेठसकट, घोंगडीसकट.

ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे आत त्याला सगळे त्या मेल्याच्या नावानं हाक मारायचे?"

"हो."

"सहा महिने?"

"हो, आई."

ती उठली, पदर खोचला आणि बाहेर ओट्यावर गेली. काका समोर तुळशीला पाणी घालत होते. आईनं गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी हाक मारली, "माधव! ए माधव काशिनाथ! जेवायला चल!" तीनदा मारली. काका तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले.

मग आत येऊन मला म्हणाली, "त्याचं पान वाढ."