नळीतली हिरवी रेघ

शेजारच्या मंदाताईंचा बागेच्या नळ्या बनवायचा कारखाना आहे. काल हिरवी नळी निघत होती, आज पांढरी काढायची होती. मला वाटायचं, रंग बदलताना मशीन उघडून धुवत असतील. तसं नसतं. वरून पांढरे दाणे ओततात. आतला लांब स्क्रू फिरत त्यांना पुढे रेटतो, तापलेल्या नळकांड्यात एकमेकांवर घासत ते वितळतात, आणि जुना माल बाहेर ढकलला जातो.

आधी हिरवे गोळे पडले, मग फिकट, मग पांढरे.

"झालं की," मी म्हणालो.

"थांबा जरा."

चहा येईपर्यंत नळी पांढरीशुभ्र निघत राहिली, आणि अचानक तिच्यात केसाएवढी हिरवी रेघ उमटली.

"कोपऱ्यात चिकटून बसतो थोडा," ताई म्हणाल्या. "नवीन घालत राहायचं, दुसरं काय."

आपणही कितीतरी रेटून बाहेर काढलेलं असतं, आणि साफ झालो असं धरून चालतो.

तेवढ्यात ताईंच्या आईचा फोन आला. ताई वऱ्हाडातल्या, लग्न होऊन नाशिकला आल्या त्याला जन्म लोटला, बोलणं अगदी इथलं.

"हाव वं माय, जेवली मी," त्या फोनवर म्हणाल्या.

मग फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "चहा घ्या ना, गार होतोय."

नळी पुन्हा पांढरी निघत होती.