डेनिससाहेबांचा गुडघा

मी पोळ्या लाटत होते आणि स्वयंपाकघराच्या दारात एक इंग्रज माणूस पँटचा पाय वर करून मला आपला गुडघा दाखवत होता.

सौदीतलं जुबैल. शुक्रवार, सुट्टीची सकाळ. कपडे वाळत घालून झाले होते, भाजी चिरायची बाकी होती.

ते डेनिससाहेब. परवा वारले, इंग्लंडमध्ये, त्यांच्या गावी.

त्यांच्या मुलीने तिथल्या पेपरातली बातमी पाठवली. माझी शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी नंतर घरीच शिकले, डिक्शनरी घेऊन. बातमी मीच वाचली. कुठल्या क्लबकडून खेळले, किती गोल केले, सगळं आहे.

गुडघा नाही.

साहेब एके काळी प्रोफेशनल फुटबॉलपटू होते. जुबैल नवं उभं राहत होतं तेव्हा कंपनीने त्यांना कॉलनीत फुटबॉल शिकवायला आणलं. आमचे हे चिपळूणचे, प्लँटमध्ये फिटर आणि साहेबांच्या टीमचे गोलकीपर.

गुरुवारच्या मॅचमध्ये यांचा गुडघा दुखावला. सुजून भोपळ्यासारखा झाला.

प्लँटचं शटडाऊन, म्हणजे मशिनं थांबवून दुरुस्तीचं मोठं काम, चालू होतं. घरी बसलो तर कॉन्ट्रॅक्ट खलास, ही यांना भीती. "क्लिनिकमध्ये एक इंजेक्शन घेतो, उद्या ड्यूटीवर जातो," म्हणाले.

ते कळलं म्हणून साहेब आले होते. बराच वेळ यांच्याशी बोलले.

मी विचारलं, "काय म्हणतायत?"

"चहा मागतायत."

"चहासाठी एवढं भाषण?"

साहेबांनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पँट वर केली.

गुडघ्यावर लांबलचक जुना व्रण.

"आता खरं सांगा," मी म्हटलं. लाटणं हातातच होतं.

यांनी मान खाली घालून सांगितलं. मोठी मॅच होती. साहेबांचा गुडघा दुखत होता. क्लबच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं. दुखायचं थांबलं, ते पूर्ण खेळले, जिंकले. लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं.

त्यानंतर त्यांना नीट धावता आलं नाही. सव्विसाव्या वर्षी करिअर संपलं. क्लबने हात मिळवला आणि निरोप दिला.

"मॅडम," साहेब मला म्हणाले, "इंजेक्शन, नो."

मग खरंच चहा घेतला. साखर लावून दोन पोळ्याही खाल्ल्या.

आमचे हे अगदी मागच्या दिवाळीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालले. मग तेही गेले.

आपलं फसलेलं कोण असं दुसऱ्याच्या दारात येऊन दाखवतं? पेपरात ते आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

डेनिससाहेब, तुमचे उपकार आहेत. सावकाश जा.

त्या दिवशी हे संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरची गाडी आली. यांच्या आधी मी बाहेर गेले आणि सांगितलं, "ये आज नहीं आएँगे. पैर ठीक होगा, तब आएँगे."