गुलाबदाणीत अडकलेली करंगळी

मी एकटाच गिटारवर ब्लूज वाजवतो आणि माझं सगळं शिक्षण एका गुलाबदाणीत झालं.

त्याचं असं झालं. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं. काही वादक बोटात धातूची नळी घालून तारांवर सरकवतात, तेव्हा गिटार अक्षरशः रडते. मोबाइलवर हे बघितल्यापासून मला नळी हवीच होती. सापडली ती शोकेसमध्ये! आईच्या माहेरची चांदीची गुलाबदाणी. तिची वरची नळी फिरवली की सुटते. घातली करंगळीत. काय रडली गिटार! मग मी रडलो, कारण नळी निघेना.

आणि नेमका त्याच दिवशी ताईचा साखरपुडा! पाहुणे वैजापूरहून निघालेले. हे स्थळ जमवताना अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, चपला झिजलेल्या. अण्णा नुसते खाकरले तरी मी पलंगाखाली शिरतो.

"मेल्या, माझं लग्न मोडतो का काय!" ताई न्हाणीघरात कुजबुजली. तिनं साबण लावला, ओढलं, पिरगाळलं. बोट सुजून टम्म! तेवढ्यात दारात गाडी थांबली.

"गुलाबदाणी कुठंय रे?" अण्णा गरजले.

मी हाताला टॉवेल गुंडाळून बाहेर आलो.

"काय झालं हो पोराला?" नवरदेवाच्या आईनं विचारलं.

"क... काय नाय. भाजलं जरा."

"बघू, बघू! माझ्याकडं मलम आहे." आणि बाईंनी टॉवेल सोडला की! (साबणानं चांदी काय चकाकत होती म्हणून सांगू.)

अण्णांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. मोडलं लग्न, मी मनात म्हटलं, आणि आता मीही मोडणार.

"बोटात कशापायी घातली?" व्याह्यांनी विचारलं.

"गिटार रडवायला." भीतीनं खोटं सुचलंच नाही!

व्याह्यांनी बाह्या सावरल्या आणि म्हणाले, "अहो, आधी खोबरेल आणा!"

एकीकडून अण्णांनी मला धरलं, दुसरीकडून व्याह्यांनी नळी. "ओढा!" फट्! नळी उडाली ती थेट नवरदेवाच्या मांडीवर. त्यानं ती शांतपणे गुलाबदाणीवर बसवली आणि पहिलं गुलाबपाणी ताईवर शिंपडलं. ताई लाजली.

"जमलं की हो," व्याही म्हणाले. "आणा साखर!"

आता मी शहरातल्या कॅफेंत वाजवतो. अण्णा दरवेळी पहिल्या रांगेत बसून माझ्या बोटांवर नजर रोखतात. "बापाला किती कौतुक!" असं लोक म्हणतात. त्यांना काय माहीत, अण्णांच्या खिशात खोबरेलाची बाटली असते!