आजी रोज काय करते

मला इंग्रजी कुणी शिकवलं नाही बघा. मोहोळजवळच्या आमच्या खेड्यात सातवीनंतर मुलीची शाळा संपायची. पुढं लेक शाळेत जायला लागला, तेव्हा भाकरी थापता थापता त्याची पुस्तकं वाचली, तेवढंच. पण जुळे सोलापुरात राहायला आल्यावर तेवढ्यावरच मी नातीची मास्तरीण झाले. तिसरीत आहे ती. परवा तिच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता आणि प्रत्येक मुलानं आपल्या आजीवर इंग्रजीत चार वाक्यं बोलायची होती.

मी तिला सांगितलं, "हे बघ बाळा, अवघड काही न्हाय. रोज जे करतो ना, तेच म्हणायचं. आय कुक, यू कुक. आजीचं सांगताना तेवढा शेवटी एस."

मग आम्ही वाक्यं बसवली. माय ग्रँडमदर कुक्स. शी प्रेज. शी रीड्स. शी टेल्स स्टोरीज. जरा जास्तच चांगली आजी तयार झाली, पण म्हटलं असू दे, चारचौघांत शोभेल.

वर्गातल्या लहान बाकांवर आम्ही आज्या दाटीवाटीनं बसलो. मी ठेवणीतलं इरकल नेसले होते. पोरगी कुठं अडखळली नाही. बाई खूश. म्हणाल्या, "आता एक वाक्य तुझ्या मनानं." ती माझ्याकडं बघून हसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माय ग्रँडमदर पुट्स मिशरी एव्हरी मॉर्निंग."

भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड मी सकाळी बाल्कनीत, रस्त्याकडं पाठ करून दातांना लावते. खालच्या मजल्यावरच्यांनाही ठाऊक नाही. आता अख्ख्या वर्गाला कळलं.

शेजारी कडक इस्त्रीच्या साडीतल्या आजी बसल्या होत्या. त्या वळून म्हणाल्या, "अगंबाई, अजून लावता तुम्ही?"

मागून कुणीतरी बोललं, "चोरून सगळ्याच लावतात की!"

हशा पिकला. माझा पदर तोंडावर गेला तो कार्यक्रम संपेपर्यंत खाली आलाच नाही.

रिक्षात बसल्याबरोबर मी पोरीवर ओरडले. "असलं सांगत्यात व्हय लोकांत? अक्कल कुटं ठिवली?"

"पण रोज लावतेस की तू. चुकलं का माझं?"

चुकलं नव्हतं. तेवढं माझ्या तोंडून निघालं नाही. घर येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली.

तेव्हापासून ती वडिलांवर वाक्यं करते. माय फादर गोज, माय फादर ड्राइव्हज. काल मीच म्हटलं, "माझ्यावर एक कर की गं."

तिनं आधी माझा चेहरा निरखला. "कुठलं सांगू? खरं का शाळेतलं?"

"खरं."

"माय ग्रँडमदर शाउट्स."

"बरोबर हाय," मी म्हणाले. पण तिच्याकडं बघून म्हणता आलं नाही.